सासऱ्यांची लायब्ररी आणि दिरांचा ब्लू-रे

ताई, सप्रेम नमस्कार.

साखळीजवळ आमचं जुनं कौलारू घर आहे. सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, १९९२पासून वीस वर्षं बाजारात व्हिडिओ लायब्ररी चालवली. दुकान बंद झालं तेव्हा सगळा माल घरी आला. सहाशेच्या आसपास व्हीसीडी, दोनेकशे डीव्हीडी आणि व्हीएचएसच्या चाळीस कॅसेटी मागच्या खोलीत पडून आहेत. यंदा चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मुंबईची मंडळी राहायला येणार, खोली मोकळी हवी. आमचे हे म्हणतात, सगळं भंगारात घाल, मोबाइलवर काय मिळत नाही? बाबा एवढंच म्हणतात, "हांव आसा मेरेन हें उडयनाका." (मी आहे तोवर हे टाकू नका.) आम्ही नुकताच ५५ इंची फोर-के टीव्ही घेतला. बोटीवर असलेले दीर त्यासाठी अमेरिकेहून ब्लू-रे प्लेअर आणि डिस्क पाठवतो म्हणतात. मला सिनेमाची मनापासून आवड आहे, पण यंत्रातलं कळत नाही. जुनं टाकावं का? ब्लू-रे घ्यावा का? की सगळं डाउनलोड करून हार्ड डिस्कवर ठेवावं?

एक सून, डिचोली तालुका

नमस्कार.

सगळ्यात आधी दिरांना फोन करा. प्लेअर घेतला नसेल तर घेऊ नका म्हणावं. घेतलाच असेल तर तो घरी आल्यावर थेट प्लगमध्ये घालू नका. अमेरिकेत घरातली वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३०ची. यंत्राच्या पाठीवर '१००-२४०' असं छापलेलं असेल तर काळजी नाही, पण नुसतं '१२०' असेल तर पहिल्याच दिवशी जळेल.

वीज जुळली तरी दुसरी अडचण आहे. ब्लू-रेसाठी जगाचे तीन विभाग पाडलेले आहेत. अमेरिका 'ए' विभागात, युरोप आणि आखात 'बी'मध्ये, आणि आपण चीन-रशियाबरोबर 'सी'मध्ये. 'ए'चा प्लेअर 'सी'चं कुलूप घातलेली डिस्क उघडत नाही. कुलूप न घातलेल्याही पुष्कळ डिस्क असतात, पण ते वेष्टनाच्या मागच्या बाजूला बारीक छपाईत शोधावं लागतं. डीव्हीडीचे विभाग पुन्हा वेगळे, तिथे आपला क्रमांक पाच. शिवाय अमेरिकी बाजारासाठी बनवलेले प्लेअर पाल पद्धतीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीच्या, डीव्हीडी बऱ्याचदा दाखवत नाहीत. म्हणजे बाबांच्या कितीतरी डिस्क त्या नव्या यंत्रात जातील आणि पडदा काळाच राहील. बाबांच्या डोळ्यांसमोर तसं व्हायला नको.

दिरांना प्रेमाने काही आणायचंच असेल तर त्यांनी फोर-के अल्ट्रा एचडीच्या डिस्क आणाव्यात. २०१६मध्ये आलेल्या या प्रकाराला विभागाचं कुलूपच ठेवलेलं नाही. त्यासाठी प्लेअरही अल्ट्रा एचडीचा लागतो, साध्या ब्लू-रे प्लेअरमध्ये ती डिस्क चालत नाही. यंत्र मात्र इथलं घ्या. पणजी-मडगावच्या दुकानांतही ते सहसा मांडून ठेवलेलं दिसत नाही, मागवावं लागेल. पैसे देण्यापूर्वी बाबांची एक व्हीसीडी पिशवीतून नेऊन दुकानातच चालवून बघा. ब्लू-रे प्लेअर डीव्हीडी वाचतात, पण व्हीसीडी सगळेच वाचतात असं नाही, आणि तुमच्या घरात तर व्हीसीडीच सर्वांत जास्त.

आता ब्लू-रे घेण्यात अर्थ आहे का, ते बघू. तुमच्या टीव्हीचा पडदा सुमारे ८३ लाख ठिपक्यांचा आहे. व्हीसीडीच्या चित्रात ठिपके असतात एक लाखाच्या आसपास. म्हणजे व्हीसीडीवरचा एक ठिपका तुमच्या पडद्यावर ऐंशी ठिपक्यांची जागा अडवतो. चेहरे पिठासारखे दिसतात ते त्यामुळे. डिस्क खराब झाली असं समजू नका. डीव्हीडीत चार लाखांवर ठिपके असतात, तिथे एकाला वीस जागा भराव्या लागतात. ब्लू-रेत वीस लाखांवर, म्हणजे एकाला चारच. हा फरक पाहायला डोळे तरुण असावे लागत नाहीत. बाबांना शेजारी बसवून दाखवा, तेच आधी बोलतील.

पण सगळ्याच सिनेमांना हा लाभ होत नाही. जुना सिनेमा ३५ मिमी फिल्मवर चित्रित झालेला असतो आणि त्या निगेटिव्हमध्ये डीव्हीडीवर उतरलं त्याहून कितीतरी जास्त दडलेलं असतं. कोणी ती निगेटिव्ह स्वच्छ करून नव्याने स्कॅन केली, तर ब्लू-रेवर तो सिनेमा पहिल्यांदाच पाहिल्यासारखा वाटतो. इफ्फीत, म्हणजे गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, गेली काही वर्षं असे पुनरुज्जीवित जुने चित्रपट दाखवतात. पणजीला नोव्हेंबरमध्ये जमलं तर बाबांना एखाद्या खेळाला घेऊन जा. मी अशा एका खेळाला नायिकेच्या साडीचं विणकाम पाहून थक्क झाले होते. तोच सिनेमा मी आधी निदान दहा वेळा पाहिला होता, पण साडी विणकामाची आहे हे मला माहीतच नव्हतं. उलट नव्वदच्या दशकातल्या आपल्याकडच्या बऱ्याच टीव्ही मालिका व्हिडिओ टेपवरच चित्रित झाल्या. त्यांत मुळातच जास्त काही नाही, तेव्हा त्यांच्या ब्लू-रेसाठी जास्त पैसे देऊ नका. काही निर्मात्यांनी डीव्हीडीची जुनीच प्रत फुगवून ब्लू-रेवर विकली, ती घेऊन फसगत होते. वेष्टनावर 'नवीन फोर-के स्कॅन' किंवा 'मूळ निगेटिव्हवरून' असं लिहिलेलं असेल तर विचार करा.

यजमानांचा मुद्दाही मी उडवून लावणार नाही. बऱ्याच सिनेमांसाठी ते बरोबर आहेत. चांगल्या फायबर जोडणीवरचं स्ट्रीमिंग आज डीव्हीडीपेक्षा उजवं दिसतं आणि दहा फुटांवरून पाहताना ते ब्लू-रेच्या पुष्कळ जवळ येतं. फरक कळतो तो अवघड दृश्यांत. धूर, काळोख, समुद्राचा फेस, कोसळता पाऊस. पावसाच्या प्रत्येक थेंबाची माहिती वेगळी पाठवावी लागते आणि नेटवरून येणाऱ्या चित्राला तेवढी जागा नसते. एचडीसाठी नेटफ्लिक्स साधारण ५ एमबीपीएसचा वेग पुरेसा मानतं. ब्लू-रे डिस्कवरून चित्र येताना तो २० ते ३५पर्यंत असतो, कधी त्याहून वर जातो. आवाजातही तेच, डिस्कवरचा आवाज बऱ्याचदा काहीही न कापता येतो. अर्थात टीव्हीच्या स्वतःच्या बारक्या स्पीकरवर तो फरक तुम्हाला ऐकू येणार नाही. आणि जुलैत तुमच्या भागात फायबर तुटून दोन दिवस नेट गेलं, तर कपाटातल्या डिस्कला त्याचं काही नसतं. वीज तेवढी हवी.

डाउनलोडबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. ॲपमध्ये जे 'डाउनलोड' म्हणतात ते मुदतीचं असतं. वर्गणी संपली किंवा करार संपला की गेलं. पैसे देऊन 'विकत' घेतलेला डिजिटल सिनेमासुद्धा बहुतेक ठिकाणी फक्त पाहण्याचा परवाना असतो. अमेरिकेत मोठ्या स्टुडिओंनी मिळून २०११मध्ये अल्ट्राव्हायोलेट नावाचं डिजिटल कपाट काढलं होतं. लोकांनी त्यात शेकडो सिनेमे साठवले आणि ३१ जुलै २०१९ला ते कपाट बंद झालं. ज्यांनी आपलं खातं वेळेत दुसऱ्या सेवेला जोडलं त्यांचे बरेचसे वाचले. कॅलिफोर्नियाने तर आता कायदाच केला आहे. परवाना देत असाल तर तसं गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा, नुसतं 'विकत घ्या' म्हणू नका. १ जानेवारी २०२५पासून तो लागू आहे. मी स्वतः एका ऑनलाइन दुकानातून लहानपणी आजीबरोबर पाहिलेला एक सिनेमा विकत घेतला होता. दोन वर्षांनी यादीत त्याचं नाव होतं, पण दाबल्यावर काही उघडत नव्हतं. पैशांचं तितकं वाटलं नाही. आजीच्या वर्षश्राद्धाला सगळी भावंडं जमली होती आणि मी त्यांना तो दाखवणार होते.

आणि मोबाइलच्या दुकानात पेन ड्राइव्हवर भरून देतात त्या वाटेला जाऊ नका. ती चोरी आहे. शिवाय सिनेमा इतका दाबून बारीक केलेला असतो की तुमच्या ५५ इंची पडद्यावर तो डीव्हीडीहून वाईट दिसतो.

बाबांच्या खोलीकडे मी मुद्दाम उशिरा येते आहे, कारण मला सगळ्यात जास्त तिच्याचबद्दल बोलायचं आहे. तुम्ही आणि यजमान दोघेही हा ढीग दर्जाप्रमाणे लावता आहात: व्हीएचएस सगळ्यात खाली, मग व्हीसीडी, मग डीव्हीडी, आणि वर ब्लू-रे. मी तो वेगळ्या तऱ्हेने लावीन. प्रत्येक डिस्क हातात घेऊन एकच विचारा, हे दुसरीकडे कुठे मिळतं का? गाजलेला हिंदी सिनेमा असेल, तर त्याची पिठाळ व्हीसीडी ठेवायचं कारण नाही, तो चार ठिकाणी चांगल्या प्रतीत आहे. पण बाबांची लायब्ररी गोव्यातली होती. तिच्यात तियात्रांच्या, म्हणजे गोव्यातल्या कोंकणी संगीत नाटकांच्या, व्हीसीडी असणार, कोंकणी चित्रपट असणार, मराठी नाटकांचं चित्रण असणार, लहान कंपन्यांनी काढलेले आणि पुन्हा कधीच न छापलेले मराठी सिनेमे असणार. त्यातले कितीतरी ना ब्लू-रेवर आले, ना एखाद्या ॲपवर. मराठी सिनेमा ब्लू-रेवर फारच थोडा आला. तेव्हा एक लाख ठिपक्यांची ती व्हीसीडी त्या कलाकृतीची उरलेली एकमेव प्रत असू शकते, आणि ती तुमच्या मागच्या खोलीत आहे.

हे असं का झालं ते बाबांना माझ्याहून चांगलं माहीत आहे. परदेशात लोक डीव्हीडीवरून ब्लू-रेकडे वळत होते तेव्हा आपल्याकडे घरोघरी व्हीसीडीच चालत होती. तिकडेही ते सरळ झालं नाही. २००६मध्ये तोशिबाची एचडी डीव्हीडी आणि सोनी वगैरेंची ब्लू-रे एकदमच बाजारात आल्या आणि लोक थांबून राहिले, कुठली टिकेल ते बघू म्हणून. प्लेस्टेशन ३मध्ये ब्लू-रे आधीच बसवलेला होता, त्याने बरंच पारडं झुकलं. २००८च्या जानेवारीत वॉर्नर या मोठ्या स्टुडिओने ब्लू-रेची बाजू घेतली आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने एचडी डीव्हीडी बंद केली. ज्यांनी ती घेतली होती त्यांच्याकडे बिनकामाचं यंत्र उरलं. त्याच सुमाराला मोझर बेअर या कंपनीने आपल्याकडे व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढली. भाड्याच्या दोन-तीन फेऱ्यांत सिनेमाच घरचा होऊ लागला तेव्हा गावोगावच्या लायब्रऱ्यांचं काय झालं, ते बाबांना एकदा निवांत विचारा. ब्लू-रेची डिस्क त्या मानाने कितीतरी पट महाग, वर नवा प्लेअर आणि नवा टीव्ही. ते परवडेपर्यंत २०१६ उजाडलं, नेटफ्लिक्स आलं, स्वस्त डेटा आला, आणि आपण ती पायरी न चढताच पुढे गेलो. म्हणून ब्लू-रे वाईट ठरत नाही. फक्त आपल्या भाषांमधलं पुष्कळसं काम व्हीसीडीवरच राहून गेलं.

निवड बाबांकडून करून घ्या. कुठली प्रत पुन्हा मागवूनही मिळाली नव्हती, कुठल्या तियात्रासाठी रांग लागायची, ते त्यांच्या डोक्यात आहे. लायब्ररीचं जुनं रजिस्टर असेल तर ते आधी शोधा. चवथीच्या आधी झाडू घेऊन हे काम करू नका. आता झाकणाच्या प्लॅस्टिक पेट्यांत सगळं उभं भरून दुसऱ्या कोरड्या खोलीत ठेवा आणि दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की रोज संध्याकाळी वीस-पंचवीस डिस्क त्यांच्यासमोर काढा. कौलाखालच्या माळ्यावर नको, तिथे उन्हाळ्यात भाजून निघतात. पाझरणाऱ्या भिंतीलगतही नको.

डिस्कवर लायब्ररीचा क्रमांक लिहिलेला स्टिकर असेल तर तो सोलू नका! व्हीसीडीत माहितीचा थर छापील बाजूच्या पातळ लेपाखालीच असतो, स्टिकरबरोबर चकाकी निघून येते आणि डिस्क कायमची जाते. डीव्हीडीत तो थर मधोमध सुरक्षित असतो. ब्लू-रेत वाचायच्या बाजूला अगदी वर, फक्त ०.१ मिमी खोल, पण त्यावर कठीण लेप दिलेला असतो. धूळ किंवा बुरशी धरली असेल तर साबणाच्या सौम्य पाण्यात भिजवलेल्या मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. थिनर, टूथपेस्ट असलं काही लावू नका.

डिस्कचा ड्राइव्ह असलेला संगणक मिळाला की व्हीसीडी उतरवणं सोपं आहे. एमपीईजीएव्ही नावाच्या फोल्डरमध्ये एक मोठी डॅट फाइल दिसते, ती तशीच उचलून हार्ड डिस्कवर ठेवायची. व्हीएलसी प्लेअर ती उघडतो. सहाशेच्या सहाशे उतरवल्या तरी पाचशे जीबीच्या आत बसतील. ही प्रत घरापुरती ठेवा, व्हॉट्सॲपवर वाटू नका. त्या कामावर ज्यांचा हक्क आहे त्यांचा तो अजून आहे. खरोखर दुर्मीळ तियात्र निघालं तर पणजीच्या तियात्र अकादमीला एक पत्र लिहून विचारा, आणि जुना सिनेमा असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला. ते 'आमच्याकडे आहे' म्हणाले तरी बाबांना बरं वाटेल.

उरलेल्या, दुसरीकडे मिळणाऱ्या व्हीसीडी बाबांच्या संमतीने द्या किंवा काढून टाका. अंगणात जाळू मात्र नका. डिस्क पॉलिकार्बोनेटची असते, पंचायतीच्या सुक्या कचऱ्यात द्या. डीव्हीडी सगळ्या ठेवा, दोन फळ्यांत मावतील. आणि ब्लू-रे? हो, एक प्लेअर घ्या असंच मी म्हणेन, पण लायब्ररी नव्याने उभारायला नाही. जे दहा-पंधरा सिनेमे तुम्ही दर वर्षी पुन्हा पाहता, तेवढे. घ्यायचा तर फार थांबू नका. ओप्पोने २०१८मध्ये प्लेअरच्या धंद्यातून हात काढला, २०१९मध्ये सॅमसंगने अमेरिकेत नवे प्लेअर आणणं थांबवलं, २०२४मध्ये एलजीनेही माघार घेतली. घरी लिहायच्या कोऱ्या ब्लू-रे डिस्क तर सोनीने २०२५च्या फेब्रुवारीत बनवणं बंद केलं, तेव्हा घरचं चित्रण त्यांवर साठवायचा बेत करू नका.

चाळीस कॅसेटींचं काम मात्र सगळ्यात घाईचं. त्यांत भाड्याचे सिनेमे किती आणि घरचं लग्न, मुंज, देवळातला जत्रोत्सव किती, ते तुम्ही लिहिलेलं नाही. घरचं काही असेल तर त्याच्यापुढे या पत्रातलं बाकी सगळं थांबू शकतं. फितीवर आपल्या पावसाळ्यात बुरशी चढतेच आणि व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, २०१६च्या जुलैत थांबली. चालू यंत्रं दर वर्षी कमी होत आहेत. कॅसेटीच्या खिडकीतून पांढरी भुकटी दिसली तर ती कुठल्याही यंत्रात घालू देऊ नका, आधी साफ करून घ्या. माझ्या आईच्या भजनाची एक कॅसेट मी घाईने एका दुकानात दिली होती. त्यांच्या व्हीसीआरचं हेड अस्वच्छ होतं, यंत्राने फीत चावली आणि मधली बारा मिनिटं गेली. त्या बारा मिनिटांत ती एकटी गात होती. म्हणून दुकानदाराला आधी एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट द्या, समोर उभं राहून दहा मिनिटं चालवून घ्या, आणि मग बाकीच्या. उतरवून झाल्यावर मूळ कॅसेटी परत घरी आणा.

फाइली दोन हार्ड डिस्कवर ठेवा आणि वर्षातून एकदा दोन्ही लावून उघडून बघा. एक साखळीला राहू दे. दुसरी पुढच्या चवथीला मुंबईची मंडळी परत निघतील तेव्हा त्यांच्या सामानात द्या.